हॉट व्हील, व्हाया केडगाव

आमच्या मामांना गरम स्टिअरिंग हवंय.

हो, बरोबर वाचलंत. गरम चहा नाही, गरम पाणी नाही, गाडीचं स्टिअरिंग. आणि मामा राहतात कुठे? नॉर्वेत? छे! केडगावला. तालुका दौंड, जिल्हा पुणे. (अहिल्यानगरला चिकटून असलेलं केडगाव वेगळं. दोघांत गल्लत केलीत तर मामा चहासुद्धा विचारणार नाहीत.) जिथे मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा तर आधी टॉवेल शोधावा लागतो, त्या गावातल्या माणसाला ते आणखी गरम करून हवंय!

सुरुवात झाली फॅमिली व्हिडिओ कॉलवर. धाकटा मामेभाऊ कॅनडात असतो, टोरंटोच्या शेजारी मिसिसागाला. तिकडे सीझनचा पहिला बर्फ पडला तसा हा उत्साहाने गाडीत जाऊन बसला आणि त्याने आम्हा सगळ्यांना टूर दिली. ही बघा हीटेड सीट, हा बघा आरशाचा हीटर आणि हे बघा... त्याने एक बटण दाबलं. बटणावर स्टिअरिंगचं चित्र आणि वर नागमोडी रेघा, पोह्यांच्या ताटलीवरच्या वाफेसारख्या. "एक-दोन मिनिटांत चाक कोमट होतं, बाबा. मी हातमोजे काढून चालवतो." आम्ही सगळे हसलो. वहिनीने विचारलं, "भाकरी भाजते का त्यावर?" मामा मात्र हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून ते स्क्रीनच्या अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "आपल्या वॅगन-आरला बसतं का रे हे?"

दुसऱ्या दिवशी मला फोन. "तू त्या मासिकात गाड्याबिड्यांचं लिहितीस ना? जरा चौकशी कर." मुळात हे साप्ताहिक आहे. शिवाय मी मोबाइलवर लिहिते, कॅफेंवर लिहिते, भाड्याच्या फ्लॅटमधल्या झुरळांवर लिहिते. गाड्यांवर आजवर एक ओळ खरडलेली नाही. पण इंग्रजी बटणं असलेली प्रत्येक वस्तू मामांच्या लेखी माझ्याच डिपार्टमेंटची. "बघते" म्हटलं आणि डेडलाइनच्या गडबडीत विसरून गेले.

मग भाचीचा फोन आला. मोठ्या मामेभावाची मुलगी, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "आत्या, आबांचं ते स्टिअरिंगचं मनावर घे. आणि मी सांगितलं असं सांगू नकोस."

भाचीचं कॉलेज पुण्यात. रोज पहाटेच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. मामांची वस्ती केडगाव स्टेशनपासून सहा किलोमीटर आत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. तिचे बाबा कुरकुंभच्या एमआयडीसीत, नाइट शिफ्ट संपवून घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. त्यामुळे तिला स्टेशनवर सोडायचं काम मामांचं. वय अडुसष्ट, झेडपीच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी आणि गेली दोन वर्षं संधिवात. सकाळी बोटं अशी आखडतात की शर्टाचं वरचं बटण मामींना लावून द्यावं लागतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका पहाटे कालव्याजवळच्या वळणावर मामांनी स्टिअरिंग फिरवायला घेतलं, हात घसरला आणि पुन्हा पकड बसायच्या आत गाडी उसात! वेग फार तर वीसचा असेल. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ऊस तेवढा मोडला. घरी मामांनी सांगितलं की कुत्रं आडवं आलं. भाची गप्प बसली.

"कुत्रं नव्हतं गं, आत्या. त्यांची बोटं मिटलीच नाहीत. मी बघितलं."

मला वाटत होतं मामांना पोराच्या गाडीतलं खेळणं हवंय. पण मोठ्या मामेभावाला ती कुत्र्याची गोष्ट फारशी पटलेली नव्हती आणि "आबांनी आता गाडी बंद करावी" हे वाक्य घरात दोनदा उच्चारून झालं होतं. मामांना गरम चाक हवं होतं ते किल्ली खिशात राहावी म्हणून.

तुम्ही म्हणाल, पुणे जिल्ह्यात कसली आलीय एवढी थंडी! हडपसरच्या चौदाव्या मजल्यावरून विचारलंत तर ठीकच आहे. पण सोलापूर रोडने यवत मागे टाका, चौफुल्याहून (तेच ते, लावणीच्या थिएटरांचं चौफुला) केडगावकडे आत वळा आणि पहाटे साडेपाचला गाडीची काच खाली करून बघा. पाणी दिलेलं ओलं रान, गुऱ्हाळांचा जमिनीलगत रेंगाळणारा गोडसर धूर आणि हाडात शिरणारा गारवा. खुद्द पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश तापमान नोंदलं गेलंय. तितकं आता होत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जायला अजूनही लाजत नाही. निरोगी बोटांना हे रोमँटिक वाटतं. सुजलेल्या सांध्यांना नाही.

आणि परदेशी कल्पना इकडे आणण्याबद्दल मी जरा कुरकुर केली तेव्हा रिटायर्ड मास्तरांनी मला फोनवर इतिहासाचा तास घेऊन दाखवला. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावचंच. १८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. नंतर त्या दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी त्यावर मराठीत पुस्तकही काढलं. "तिकडचं चांगलं ते इकडं आणावं, हे केडगावला कुणी शिकवायचं न्हाई," मामा म्हणाले. यावर काय बोलणार? लागले कामाला.

पहिला प्रश्न माझ्याच डोक्यात आला. अहो, गाडीत हीटर असतोच की! असतो. एसीच्या शेजारची ती लाल खूण, जिच्याकडे पुण्यातल्या अर्ध्या ड्रायव्हरांनी कधी नॉब फिरवलेलाच नसतो. पण गंमत अशी की पेट्रोलच्या गाडीतला हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणी इंजिनमध्ये फिरून तापतं, त्या पाण्यावरून वारा आत सोडला की झाला हीटर. म्हणजे आधी इंजिन तापायला हवं. पहाटेच्या गारठ्यात सहा किलोमीटर हळू चालवत गेलं तर जरा ऊब जाणवायला लागते ना लागते तोवर स्टेशन येतं. कॅनडातल्या बटणाची खुबी हीच आहे. स्टिअरिंगच्या लेदरखाली बारीक तारांची जाळी असते, ती थेट बॅटरीवर तापते, इंजिनची वाट बघत नाही. आत एक छोटा सेन्सर असतो, तो चाक कोमट झालं की करंट तोडतो.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. स्वीडनच्या साबने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच ड्रायव्हरची सीट विजेवर तापवायला घेतली होती. आता इलेक्ट्रिक गाड्यांमुळे या प्रकाराला नव्याने भाव आलाय. त्यांच्यात तापणारं इंजिनच नाही. अख्ख्या गाडीतली हवा गरम करायची तर वीज किलोवॅटमध्ये जाते आणि रेंज घटते; सीट आणि स्टिअरिंग गरम करायला त्या मानाने किरकोळ वॅट पुरतात. बीएमडब्ल्यूने तर २०२२ मध्ये कहर केला. काही देशांत गाडीत हीटर बसवलेलाच, पण तो चालू करायचा तर महिन्याचं भाडं भरा! सीटचं वेगळं, स्टिअरिंगचं वेगळं. लोकांनी इतकं झोडपलं की सीटच्या भाड्याचा प्रकार कंपनीने २०२३ मध्ये गुंडाळला. हे मामांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "महिन्याचं नको. डिसेंबर-जानेवारीपुरतं देतील का?"

आपल्याकडे मात्र उलटा बाजार. आपल्याला हवी गारेगार सीट. २०१७ च्या व्हर्नामध्ये पुढच्या सीटमधून गार वारा यायला लागला तेव्हापासून ते स्टेटस सिम्बॉलच झालंय. गरम स्टिअरिंग शोधायचं तर बड्या इम्पोर्टेड गाड्यांकडे बघावं लागतं. वॅगन-आरला कंपनीकडून ते मिळत नाही. उरला बाहेरून बसवून घ्यायचा मार्ग, आणि बाहेरून काहीही बसवायचं असेल तर पुणेकर जातो नाना पेठेत.

नाना पेठेत मी तीन दुकानं हिंडले. पहिल्या दुकानात मला थंड स्टिअरिंग कव्हर दाखवलं. दुसऱ्यात "मॅडम, शूटिंग आहे का?" असं विचारलं. (आजूबाजूला कॅमेरा शोधत होता बिचारा.) तिसऱ्या दुकानातला मुलगा मात्र एकदम कॉन्फिडंट. "होऊन जाईल. चार हजार. लेदर उसवायचं, खाली सीट हीटरची जाळी टाकायची, वरून परत शिवायचं. दोन तास." मी खूश! मग सहज विचारलं, चाक तर गोल फिरतं, मग वायर आत नेणार कुठून?

"हॉर्नच्या लायनीतून सप्लाय घेऊ."

"आणि एअरबॅग?"

"काय नाही होत. फार तर मीटरमधला एअरबॅगचा दिवा लागून राहील."

"मग?"

"मग तो दिवा बंद करून टाकू ना, मॅडम."

इतक्या सहज, जणू फ्यूज उडालेली ट्यूबलाइट काढतोय! मी कार्ड घेतलं, थँक्यू म्हटलं आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण काय ते मास कॉमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं.

ते कळलं रविवारी, चौफुल्याला. मामांचे एक जुने विद्यार्थी तिथे ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतात. वय पन्नाशीच्या पुढे, दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड आणि छताला लटकवलेल्या वायरिंगच्या माळा. मी गुडघ्यावर वही ठेवून बसले. ते आधी काही बोललेच नाहीत. आत गेले आणि काळ्या प्लॅस्टिकची एक चपटी चकती घेऊन आले, लाडवांच्या छोट्या डब्याएवढी. मधे भोक. झाकण उघडलं तर आत सिनेमाच्या रिळासारखी पातळ पट्टी गुंडाळलेली.

"ताई, ह्याला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. घड्याळाच्या स्प्रिंगागत हाय म्हणून. चाक डावीकडं फिरवलं की ही सैल होती, उजवीकडं फिरवलं की आवळती. तुटत न्हाई, पिळा पडत न्हाई. स्टिअरिंगमधी जे काय विजेचं जातं ते सगळं ह्या पट्टीतनं."

मी पट्टी बोटांत धरून बघितली. आत केसांसारख्या तांब्याच्या रेघा. त्यांतल्या एखाद-दुसऱ्या हॉर्नच्या, गाडी वरच्या मॉडेलची असेल तर म्युझिकच्या बटणांच्या आणि दोन एअरबॅगच्या. मामांची गाडी २०१९ ची बेस मॉडेल, स्टिअरिंगवर बटणं नाहीत, म्हणजे जादा रेघांचा प्रश्नच नाही. आता गणित करा. समजा चाकाची जाळी साठ वॅटची आहे. बारा व्होल्टवर झाले पाच अँपिअर. हॉर्न क्षणभर वाजतो आणि थांबतो. इथे पाच अँपिअर मिनिटामागून मिनिटं त्या केसाएवढ्या रेघेतून जाणार. आणि एअरबॅगच्या तोंडाशी जी ठिणगी असते ती पेटायला साधारण सव्वा अँपिअर क्षणभर मिळाला तरी पुरतो. शेजारची रेघ वितळून जोडली गेली, किंवा कुणी चुकीच्या पिनला सप्लाय दिला, तर फुगा काही न धडकताच तोंडावर फुटायचा. नाहीतर पट्टी तुटायची आणि धडकल्यावर फुटायचाच नाही. तो उघडायला पापणी लवायच्या आतला वेळ असतो. तिथे "जरा बघतो" म्हणायची सोय नाही.

"दिवा बंद करून टाकू" म्हणणाऱ्या मुलाची गोष्ट मी त्यांना सांगितली. ते हसले नाहीत. "तो दिवा म्हणजे गाडी बोलती, ताई. चावी फिरवली की लागतो न् पाच-सात सेकंदानं विझतो. तसाच लागून राहिला तर समजायचं, बॅग झोपली. काही जण तर बॅगच्या जागी रेझिस्टर लावून दिवा गप करतात." मग मामांकडे न बघता, चकतीचं झाकण लावत म्हणाले, "गुर्जींचे हात गरम करायला गुर्जींच्या तोंडापुढची उशी काढू का मी? न्हाई जमायचं."

त्यांनी स्वतः काम शिकलं ते ॲम्बेसिडर आणि पद्मिनीवर. तेव्हा चाकात हॉर्नचीच काय ती वायर, बाकी सगळं पोकळ. तेव्हा कुणी म्हणालं असतं तर तासाभरात करून दिलं असतं, म्हणाले. आता पिवळा कनेक्टर दिसला की बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय ते पाना उचलत नाहीत. योग्य रस्ताही त्यांनी सांगितला. त्याच गाडीचं, कंपनीचंच हीटरवालं स्टिअरिंग, त्याच्या जोडीची क्लॉक स्प्रिंग, त्याचा स्विच आणि ते गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखायला लावणं. परदेशी बड्या गाड्यांना असं करता येतं, कारण ते चाक त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला असतं. वॅगन-आरला जोडीदारच नाही. वर बाहेरची वायर कापाकापी झाली की वॉरंटीवर पाणी, आणि कळवल्याशिवाय बसवलेल्या वस्तूवर विम्यात वाद. (आरसी बुकातले तपशील बदलणाऱ्या मॉडिफिकेशनबद्दल तर सुप्रीम कोर्टानेच जानेवारी २०१९ मध्ये कान उपटलेत. ते प्रकरण वेगळं, पण बुलेटच्या सायलेन्सरवाल्या मित्रांनी एकदा वाचून घ्यावं.)

निघताना समोरून एक दूधवाला गेला. बाइकच्या हँडलला दोन्हीकडे रेक्झिनच्या जाडजूड पिशव्या, हात कोपरापर्यंत आत. इलेक्ट्रिशियन म्हणाले, "ह्याला हीटरची ग्रिप लावून देईन मी आत्ता, अर्ध्या तासात. हँडल फिरतंय किती? ह्येवढं. वायर बाहेरून नेली तरी चालती." गाडीचं चाक मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-साडेतीन वेढे घेतं. सगळी भानगड त्या वेढ्यांची.

वेढ्यांचं प्रात्यक्षिक लगेच घडलंच. माझी चौकशी संपायच्या आत मामांनी वस्तीवरच्या एका पोराकडून ऑनलाइन एक हीटेड कव्हर मागवून ठेवलं होतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटला पिन, तिथून स्टिअरिंगपर्यंत कुरळी वायर. अंगणात आम्ही ते चढवलं. गरम झालं, खरंच झालं! मामांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर वाटलं, जाऊ दे, एवढं काय. मग त्यांनी गाडी वळवायला घेतली. पहिल्या वेढ्याला वायर गिअरच्या दांड्याला अडकली, दुसऱ्याला मनगटाला. शिवाय कव्हर एक साइज मोठं. चाक जागेवर आणि कव्हरच हातात फिरायला लागलं. म्हणजे ज्या घसरण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच विकत आणलेलं. मामांनी गाडी बंद केली, पिन उपसली, कव्हर गुंडाळून मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ समोर बघत बसले.

"कुत्रं न्हवतं त्या दिवशी," ते म्हणाले.

"माहितीये, मामा."

"कार्टीनं सांगितलं व्हय?"

मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मी न्हाई सोडलं तर तिचं कॉलेज कसं व्हायचं, सांग." बसस्टॉप लांब, पहाटे पाचला मोटरसायकलवरून तिला कोण नेणार, हॉस्टेलचे पैसे किती, सगळा हिशोब त्यांनी आधीच करून ठेवला होता.

त्यांना घेऊन पुण्यात एका संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते, स्टिअरिंगचे. डॉक्टर मॅडमनी वही बघितलीच नाही. मामांना मूठ वळायला लावली, मग स्वतःची दोन बोटं त्यांच्या हातात देऊन दाबायला लावली, आणि विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"

मामा छताकडे बघायला लागले. दिवाळीपासून बंद. का, तर बरं वाटत होतं म्हणून! आम्ही सगळे महिनाभर हीटर, वायर आणि अँपिअर करत बसलो होतो आणि हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता, मलासुद्धा. जी बाई प्रश्न विचारायचे पैसे घेते तिला!

मॅडमनी सांगितलेलं थोडक्यात देते, कारण तुमच्याही घरात कुणीतरी असेल. अशा संधिवातात सकाळची आखडण तासभरही टिकते, तेव्हा उठल्याउठल्या चाक हातात घ्यायचंच नाही. आधी उठायचं, दहा-पंधरा मिनिटं हात कोमट पाण्यात, बोटांची उघडझाप. उबेने दुखणं कमी होतं, आखडण सैल होते. पकडीतली ताकद मात्र उबेने परत येत नाही, ती औषधाने सूज उतरली तर येते. "गरम स्टिअरिंग असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं, आणि गोळ्यांशिवाय तुम्ही अजून दोन महिने काढले असते," त्या म्हणाल्या. चाक जाड असेल तर मूठ कमी आवळावी लागते, म्हणून घट्ट शिवून बसवलेलं जाड लेदरचं कव्हर चालेल, सरकतं नको. तळव्याला लेदर असलेले हातमोजे चालतील, लोकरीचे नकोत, ते घसरतात. आणि ज्या सकाळी मूठ पूर्ण वळत नाही, त्या सकाळी गाडी नाही. यावर मामांनी "बरं" म्हटलं, पण ते "बरं" झेडपीच्या शाळा तपासणीला आलेल्या साहेबाला म्हणतात तसलं होतं.

घरी परतताना त्यांना एक आयडिया सुचली: शेडमध्येच गाडी वीस मिनिटं आधी चालू करून ठेवायची, म्हणजे हीटर तयार! मी जवळजवळ ओरडलेच. दार लावलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालू गाडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास येत नाही, रंग दिसत नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. उघड्या अंगणातही पेट्रोल जाळत उभं राहण्यापेक्षा चालवत नेल्याने इंजिन लवकर तापतं.

आणि इथे भाची, जी इतका वेळ मागच्या सीटवर हेडफोन लावून बसली होती, म्हणाली, "मग जाताना मी चालवते ना."

गाडीत शांतता. लायसन्स तिने गेल्या वर्षीच काढलंय. काढलं तेव्हा मामांनी पेढे वाटले आणि मग चावी कधी तिच्या हातात दिलीच नाही. कारणं चिकार: रस्ता अरुंद, उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे दिवे नसतात. (हे शेवटचं खरंय. गाळपाच्या सीझनला त्या रस्त्यावर रात्री कुणीही जपूनच चालवावं.)

"जाताना मी चालवते, आबा. तुम्ही शेजारी बसा. स्टेशनपर्यंत इंजिन तापतं, तुमचे हातही मोकळे होतात. परत येताना तुम्ही चालवा. तेव्हा उजाडलेलं पण असतं."

मला सांगा, साठ वॅटची जाळी, क्लॉक स्प्रिंग आणि नाना पेठेतली तीन दुकानं पालथी घातलेल्या आत्याला हे सुचू नये?

जानेवारीत मी एक दिवस मुद्दाम राहिले बघायला. पाच वाजता मामींनी तव्यावर जाडं मीठ तापवलं, दोन सुती फडक्यांत बांधून दोन पुरचुंड्या केल्या. पावणेसहाला गाडी निघाली. भाची ड्रायव्हिंग सीटवर पुढे सरकून, चाकाला नाक लावायच्या बेतात. ("मागं सर, फुग्याला जागा ठेव!" मामा. चौफुल्याचा क्लास वाया गेलेला नाही.) मामा शेजारी, दोन्ही मुठीत मिठाच्या पुरचुंड्या. कालव्याच्या वळणाआधी ते काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. तिने गिअर कमी केला, वळण घेतलं, मोडलेल्या उसाची जागा मागे गेली. स्टेशनला पोचलो तेव्हा जाळीतून ऊब यायला लागली होती. भाची धावत पुलावर चढली. मामांनी पुरचुंड्या डॅशबोर्डवर ठेवल्या, दोनदा मूठ वळून माझ्यासमोर धरली, पास का नापास, आणि उतरून दुसऱ्या दाराने ड्रायव्हिंग सीटवर जाऊन बसले. नवं कव्हर चौफुल्यालाच शिवून घेतलंय, काळं, जाड, दोरीने आवळलेलं. हीटरची लाल खूण पूर्ण टोकाला.

रात्री कॅनडाचा कॉल आला. मामेभावाने विचारलं, काय बाबा, बसवलं का गरम स्टिअरिंग?

"न्हाई," मामा म्हणाले. "पण तू मे महिन्यात येणारंस ना, तेव्हा येताना तुझंच घेऊन ये. बॅगेत बसतं का बघ."

"बाबा, मे महिन्यात?"

"मग काय झालं? ठेवू की डिसेंबरापर्यंत."